बारांतल्या नऊ

डब्यात एकोणीसशे पन्नास निघाले.
दोनशे बारा रुपये डोकं, वर्षभराचं.
छाजेडकाकांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
नऊ मुली बसत होत्या.
आमच्या बारा.

खेळाच्या रकान्यात कुस्ती होती, कबड्डी होती,
रग्बी नव्हती.
"हे नेमकं काय असतं?"
म्हटलं, काका, चेंडू छातीशी धरून पुढे पळायचं
आणि द्यायचा मात्र मागे.
पुढे देता येत नाही. दिला तर चूक.
ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले,
मग "इतर"वर खूण केली.

मागच्या पानावर अंगाचे दर.
अंगठा पंचवीस टक्के, करंगळी चार,
एक डोळा म्हणजे अर्धा माणूस.
दात धरत नाहीत. मुका मार धरत नाहीत.
मैदानावरून उशिरा घरी गेल्यावर जो पडतो
त्या माराचा तर रकानाच नाही.

मी झेरॉक्सच्या दुकानात बसते.
दिवसभर परक्यांची नावं छापते, हात थांबत नाही.
त्या दिवशी अमळनेरचा सगळा बाजार बंद झाला
तरी माझ्याकडून तीन नावं खोडून होईनात.

बंद मिलच्या मागे, एप्रिलच्या मातीत,
मी यादी पोरींसमोर धरली.
हर्षाली बाविस्कर हसली:
"माले कोन धरस व ताई?"
पेन घेतलं, स्वतःच्या नावावर रेघ मारली.
खरं होतं ते. गेल्या मोसमात तिच्या अंगाला माती लागली
ती फक्त ट्राय टाकताना.
मग मुस्कान तडवी. तिचा मामा सिव्हिलात वॉर्डबॉय,
"आपलं प्लास्टर घरचंच."

तिसरं नाव कोणी देईना.

गुली पावराच्या आधारवर एक जानेवारी,
शाळेच्या दाखल्यावर एक जून.
दोन्ही तारखा गुरुजी लोकांनी ठरवलेल्या.
काका म्हणालेच होते, दावा अडकेल.
मला सांगावं लागलं नाही.
ती बुटाची नाडी बांधत बसली,
एका नाडीला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ.

नियम पोरींनीच काढला:
टॅकल नऊ जणींनी करायचं.
तिघींनी अंगावर कोणी आलं की चेंडू सोडायचा, मागे.
मागे विमावाली असेल.

धुळ्याला निघताना उरलेल्या बेचाळीस रुपयांचा बर्फ घेतला,
गोणपाटात, भुसा लावून.
"तुम्हा तिघींची पॉलिसी," मी म्हणाले.
एसटीभर ती पॉलिसी माझ्या पायावर गळत राहिली.

दुसऱ्या सामन्यात समोरची उंच पोरगी सुटली.
आमच्या नऊतल्या ज्या मैदानात होत्या
त्या सगळ्या पलीकडच्या टोकाला, धुळीत, एकीवर एक.
मध्ये फक्त गुली.
तिनं बाजूला व्हायचं होतं. ठरलं होतं तसं.
मी ओरडलेसुद्धा, "सोड!"
ती खांदा घालून गुडघ्यांतच शिरली.

आवाज झाला. ज्वारीचं पोतं
ट्रकातून खाली टाकल्यावर होतो तसा.

मग ती उठून बसली.
तोंड मिटून जिभेनं दात मोजत होती,
गालावरून कळत होतं कुठवर पोचली ते.
हर्षाली धापा टाकत आली, "दुखस का?"
गुलीनं खांद्याकडे पाहिलं,
शेजारणीचा असावा तसं.

मी गोणपाट उघडलं.
भुसा, पाणी आणि साबणाच्या वडीएवढा
एक तुकडा.
म्हटलं, लाव.
तिनं तो खांद्याला लावला नाही.
दातांनी कडकन दोन केला,
एक तोंडात ठेवला
आणि दुसरा, मान न वळवता,
मागे दिला, मुस्कान उभी होती तिथे.