टंच

मेच्या दुपारी, सराफा ओळीत कूलरचं पाणी संपलेलं असताना
मोतीबागच्या रेल्वे क्वार्टरांतून ऑड्री मॅकब्राइड आली.
औषधाच्या डबीत कापूस, कापसात चांदी.
‘भाऊ, टंच काढून सांगा. निघते ते निघते.’
तिची बोली ऐकून जोडवी पाहणारी बाई
जोडवी पाहायचीच विसरली.

एका अंगाला तोफ, तोफेमागे चार झेंडे.
दुसऱ्या अंगाला नुसती सही:
तीन दांडे उभे, डाव्या हाताला दोन फुगे,
जसं कुणी घाईत गाठोडं बांधून
गाडी पकडायला पळालं.

मी मोमिनपुऱ्यातून शफीउल्ला खुशनवीसांना बोलावलं.
लग्नपत्रिका लिहून लिहून अंगठा वाकलाय त्यांचा.
पदक उन्हात धरून बराच वेळ गप्प.
‘सुलतानाची मोहर. पोराचं नाव, बापाचं नाव,
आणि शेवटी लिहिलंय: सदा विजयी.’
मग चष्मा पुसत,
‘असं आम्हीही लिहितो. पत्रिकेवर लिहायला काय जातं?’

ऑड्री सांगत होती,
खापरपणजा क्रिमियात लढला, तुर्कांच्या बाजूनं.
सुलतानानं दोस्तांच्या फौजांना पदकं वाटली, पेट्या भरभरून.
इंग्रजांच्या वाट्याच्या पेट्या जहाजासकट बुडाल्या,
म्हणून त्याला मिळालं दुसऱ्याच देशासाठी पाडलेलं.
नाव तर कुणाचंच कोरलेलं नव्हतं.
त्यानं खिळ्यानं कडेला एक अक्षर ओरखडलं
आणि कामठीच्या छावणीत पटकीनं मेला.

‘राणीचं बी पदक होतं ना जी.
ते आज्यानं रेडिओसाठी मोडलं.
हे कोणाले वाचता येत नोतं,
म्हणून राह्यलं.’

अडीच तोळे, दोन गुंजा कमी. कसोटीवर रेघ स्वच्छ.
मी आकडा सांगितला,
आणि धंद्याला न शोभणारं काहीतरी बोललो:
ठेवा घरीच, जुनी वस्तू आहे.

‘आता वाचून झालं ना, भाऊ,’ ती म्हणाली. ‘मंग घ्या.’

नोटा दोनदा मोजल्या तिनं.
रिकामी डबी परत मागितली, कापसासकट.

संध्याकाळी भट्टीवरचा पोरगा विचारतो, मुशीत टाकू?
उद्या, म्हणतो मी.
परवाही म्हणालो होतो.