जाळी

मोजो गावाबाहेर, चामड्याच्या कारखान्यामागे
चोवीस खुंट्या ठोकल्या, हात-हात अंतरावर.
खाली पुरलेला कोळसा कॉफीच्या टरफलांचा,
इतागेन्यूनं पिंपात कोंडून, वारा न दाखवता जाळलेला.
राख होऊ द्यायची नाही, म्हणते, एवढीच कला.

याच कारखान्यात मी अकरा वर्षं कातडी कमावली.
कमावली म्हणतात. माझी गेली,
मनगटापर्यंत, निळ्या पाण्यात.
आता केबल ओढतो,
आणि त्सिगेरेदा, दिरे दावाची, सारखा चष्मा वर ढकलणारी,
पेटीचं बटण दाबते.

जमिनीतून वीज जाते.
घाण पाण्यात पळते, क्षार तिला वाट देतात;
निवळलेल्या पाण्यात अडखळते.
अडखळणं चांगलं, हे मला
तीनदा सांगावं लागलं.

मग ती वीज तोडते आणि गप्प बसते.
कोळसा लगेच सोडत नाही.
पडद्यावरची रेघ सावकाश उतरते,
निघालेला पाहुणा उंबऱ्यातच बोलत उभा राहावा तशी.

चौथ्या महिन्यात नळीतून पाणी आलं, काचेसारखं.
मालकाचा मेहुणा पेला हातात धरून फोटो काढून गेला.
त्सिगेरेदानं नकाशा उलगडला:
सगळा पिवळा,
आणि भिंतीलगत बोटभर निळी रेघ.
"इथून पाणी चोरवाटेनं जातंय. कोळशाला न शिवता."
"पण पेला तर..."
"पेला आजचा आहे."

इतागेन्यूला अक्षर येत नाही. ती वाकून बघत राहिली,
मग हसली.
"इंजेरा असाच फसतो. मध्ये छान जाळी पडलेली,
आणि कडेला एक पट्टी कच्ची, डोळे मिटलेली.
तव्याला काय बोलायचं? हातानं घाई केलेली असते."

भिंतीलगतचा कोळसा चोपून बसवायचं काम माझं होतं.
मेस्केलच्या आदल्या दिवशी. घरी होळीची लाकडं रचायची होती.

कुणी काही विचारलं नाही. मी फावडं घेतलं.
खणताना एक ढेकूळ फोडलं:
हलकं. आतली सगळी घरं रिकामी,
चार महिने पाण्याची वाट बघत,
आणि पाणी वीतभर अंतरावरून जात होतं.

चोपला. पुन्हा चोपला. "अजून," इतागेन्यू म्हणाली.

आता तीन आठवडे थांबायचं.
तिनं कॉफी ओतली. आम्ही खुंट्यांशेजारीच बसलो.
कप रिकामा झाला तरी ऊब होती त्यात,
मी खाली ठेवला नाही.