चाव्या फ्रिजमध्ये

अनीबाल म्हणाला, मावशी, आधी माइक घे, बाकीचं नंतर.
माइकची किंमत ऐकली आणि मनातल्या मनात
मी तिचे मासे केले: साठ किलो मेर्लूसावरचा नफा,
खवले काढून, पोट साफ करून, कागदात गुंडाळून.
म्हणजे अकरा पहाटा.
म्हटलं, बरं.

रविवारच्या जुन्या बाजारात तो लाल डबा मिळाला,
दोन तोंडांचा: एक गिटारसाठी, एक माझ्यासाठी.
विकणारा प्रामाणिक निघाला. एका तोंडात जरा खरखर आहे, म्हणाला.
म्हटलं, माझ्याही.
तो हसला, त्या हसण्याचे तीन हजार पेसो कमी केले.

अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला लावू नकोस,
त्यानं काही होत नाही, घर फक्त कोंबड्यांचं वाटतं.
हे त्या पोरानं सांगेपर्यंत
अख्ख्या टेकडीवरून चाळीस पुठ्ठे जमले होते.
परत कसे करणार? पलंगाखाली आहेत अजून.

मग कपाट उघडलं.
थंडीचे कोट दाटीवाटीनं टांगलेले,
त्यांच्यात डोकं खुपसून टाळी वाजवली.
टाळी जागच्या जागी मेली.
अस्संच हवं, तो म्हणाला, खोलीनं तुझं ऐकावं,
उलटून बोलू नये.
दाराला दोन कांबळी. भरतकामाच्या रिंगीवर
नायलॉनचा पायमोजा ताणला,
ओठांतून सुटणारे प आणि ब अडवायला.
गिटारच्या पोटासमोर माइक धरला तर ती नुसती गुरगुरते,
मानेकडे सरक, एक वीत लांब.
हे मात्र मला माशांवरून ठाऊक होतं,
कुठे सुरी लावायची ते.

आता फ्रिज बंद. त्याची घरघर माझ्याही आधी गाते.
आणि घराच्या चाव्या ठेव फ्रिजमध्ये,
म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण राहील.

मी गायला लागले. त्यानं हात वर केला.
मावशी, ओरडतेस का?

एकतीस वर्षं धक्क्यावर
वाऱ्याच्या, इंजिनांच्या, समुद्रसिंहांच्या वरताण
मी भाव पुकारलेत. आवाज म्हणजे फेकायची वस्तू,
जाळ्यासारखी, जमेल तितकी लांब.
आणि हा माइक तर एका विताच्या अंतरावर
कान टवकारून बसलेला.
हळू, तो म्हणाला. आणखी हळू.
इतकं हळू गायले की हेडफोनमध्ये
कोण ही बाई, कळेना.
गाण्याआधी श्वास घेते तोही ऐकू येतो हिचा.

सातव्या खेपेला जमत आलं होतं.
तेवढ्यात खाली गॅसवाला,
सिलिंडरवर लोखंडी सळई: टण् टण् टणण्.
आणि गॅस खरंच संपला होता हो.
हेडफोन गळ्यात तसेच, मी कपाटातूनच ओरडले,
पंधरा किलोचा, तिसऱ्या मजल्यावर!

पडद्यावर अजून दिसतं ते:
लांबच लांब एक बारीक दोरा,
आणि शेवटी लालभडक, माथा छाटलेली लाट.
अनीबाल म्हणतो, पुसून टाकू?
म्हटलं, राहू दे, गॅसची पावती आहे ती.

पहाटे चारला चाव्या सापडेनात.
सापडल्या तेव्हा कोमट होत्या.
ते शहाणपण बाहेर जाणाऱ्यांसाठी होतं,
आम्ही तर रात्रभर घरातच.
दोन मासे वाया गेले, जिन्यावरच्या मांजरांचे झाले.
माइकच्या किमतीत तेही मिळवले.

एकशे बारा पायऱ्या उतरले, गुणगुणत.
धक्क्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं, छत्रीवाली बाई.
मी भाव सांगितला.
तिनं कानामागे हात धरला, पुढे वाकली:
काय म्हणालात?