शेवट सांगायचा नाही

हिवाळ्यात केमीत तीन वाजताच काळोख होतो.
गुरुवारी पाचला आम्ही टाउनोच्या दुकानामागे जमतो,
सहाजण, कधी चारच.
रबराचा वास, करपलेली कॉफी,
गिऱ्हाइकांनी ठेवायला दिलेले उन्हाळी टायर.
त्यांवरच बसायचं
आणि आळीपाळीने सांगायचं, सध्या काय वाचतोयस.
नियम एकच: शेवट सांगायचा नाही.
दुसराही आहे, थोडक्यात सांगा,
तो आजवर कुणी पाळलेला नाही.

इल्मो बस चालवतो.
थांबे वेळेवर घेतो, गोष्ट मात्र नाही,
नमनालाच घडाभर तेल.
एक ग्रह आहे म्हणे, तिथे रात्र चाळीस वर्षं टिकते,
माणसं त्या रात्रीतच जन्मतात, लग्नं करतात, कर्जं फेडतात.
“यात कल्पना कुठेय?” सिर्का म्हणाली,
“हे तर माझ्या खिडकीतून दिसतं.
मला ऊन असलेलं काहीतरी दे.”
चाळीस वर्षं तिने लोकांचे दात काढले.
पुस्तक दुखलं पाहिजे म्हणते,
पण नेमक्या जागी.

मी कागदाच्या गिरणीत होतो.
गिरणी बंद पडली, बोटांना अजून ते कळलेलं नाही.
कुणी पुस्तक पुढे केलं की आधी पान चोळतो,
दिव्यासमोर धरतो.
“दहा वर्षांत पिवळं पडेल. तोवर वाचून घ्या.”
एवढीच माझी समीक्षा.
हसतात,
पण मी ज्याला नाक मुरडलं
ते पुस्तक आधी कुणीतरी उचलतं.

आतू एकोणीसचा. तो कॉमिक्स आणतो, कोटाच्या आत, छातीशी,
बर्फ लागू नये म्हणून.
या खेपेचं बारीकसं, चोवीस पानी:
रिकाम्या अवकाशस्थानकात एक यंत्रमानव
रोज झाडांना पाणी घालतो.
झाडं प्लास्टिकची.
“आणि?”
“आणि रोज घालतो.”

मग राइलीची पाळी आली, आणि आम्ही सगळे
एकदम कॉफीकडे वळलो.
गेल्या वसंतापासून तिला मधलं दिसत नाही.
कडा दिसतात. आमच्या कानांवरून ओळखते आम्हाला.
कादंबऱ्या ऐकते ती, पण कॉमिक कोण ऐकवणार?
आमच्यात पहिलं कॉमिक तिनेच आणलं होतं,
टाउनोच्या डोक्यावर केस होते तेव्हा.

“माझी पाळी गिळलीत,” ती म्हणाली.
कुणी काही बोललं नाही.
आतू उठला, तिच्या टायरवर जाऊन बसला,
चोवीस पानं मांडीवर.
“पहिली चौकट. तो झारी उचलतो.”
“कुठल्या हाताने?”
“डाव्या. दुसरी चौकट. झारी रिकामी.”
“थांब. मधे काय आहे?”
“काही नाही. पांढरी फट.”
“फटीत काय झालं?”

झालं, पेटलं भांडण.
इल्मो म्हणाला, एक अख्खा दिवस गेला असणार.
टाउनो म्हणाला, झारीला भोक असेल,
तो प्रत्येक गोष्टीत भोक शोधतो, धंदाच तो.
सिर्का म्हणाली, झाडं खोटी आहेत
हे त्याला तिथे कळलं.
“ते त्याला आधीच माहीत होतं,” राइली म्हणाली.
“फटीत तो नुसता उभा राहिला.
घालू की नको, असं झालं त्याला.
मग घातलं.
आता पुढचं सांग, आणि घाई करू नकोस.”

सात वाजून गेले तरी सतरावंच पान.
तिथे तिनेच हात आडवा धरला. उरलेलं पुढच्या गुरुवारी.
तोवर कुणीही घरी नेलेलं तिला चालणार नव्हतं,
पण नीट ठेवायला म्हणून
आतूने ते माझ्या हातात दिलं.

सवयीने शेवटचं पान उलटं करून चोळलं.
हलका कागद, स्वस्तातला,
पलीकडची शाई अलीकडे उतरलेली,
दिव्याखाली तर सगळंच:
यंत्रमानव, कुंडी, आणि कुंडीत
“कसा आहे कागद?” राइलीने विचारलं.
बरा आहे, म्हणालो.
जाडजूड आहे. पलीकडचं काही दिसत नाही.