सात नंबरचं गोदाम

बेटाचं नाव आयला.
हसू नका, तिथं खरंच तसंच म्हणतात.
बोट लागली की उतरतो मेंढ्यांचा एक ट्रक,
पोस्टाच्या थैल्या,
आणि हातात छोटी वही घेतलेली माणसं;
दर भट्टीचा एक शिक्का, अशी वही.
ओसाकाचं जोडपं, तास्मानियाचा दंतवैद्य.
कुणी आयर्लंड करून आलेलं, कुणी जपान.
'करून' म्हणतात, धाम करावेत तसं.

ऑयरिक मॅकॅफर त्यांना दारातच अडवते.
"मोबाइल बंद. आत हवेलासुद्धा चढलेली असते,
एक ठिणगी पुरे."
हा विनोद ती एकोणीस वर्षं करते आहे.

मग ओलं जव, त्याला फुटलेले कोंभ,
मग पीटचा धूर.
दलदलीची ही काळी माती तिचा बाप
लांब दांड्याच्या फावड्यानं कापायचा,
विटांसारखी वाळत घालायचा.
"पेला वर घ्या," ती सांगते.
"आधी आयोडीन, जखमेवरचं.
मग ओहोटीनंतरचे खडक.
मग शेकोटीपाशी टांगलेला भिजका लोकरी कोट,
आणि अगदी शेवटी, घाई केली नाहीत तर,
पिकलेलं नासपती."

लोक माना डोलावतात. लिहून घेतात: नासपती.

तिला यातलं काही येत नाही.
तीन हिवाळ्यांपूर्वी तापात गेलेला वास
परत आला नाही.
साहेबाला सांगितलेलं नाही.
घरी दूध करपतं तेव्हा शेजारीण भिंत ठोकते.
नवऱ्याचं स्वेटर कपाटात आहे, न धुतलेलं.
आता धुतलं तरी चालेल.
धुवत नाही.

गुरुवारच्या घोळक्यात केंटकीचा एक म्हातारा,
डेलमार हचेन्स.
एक्केचाळीस वर्षं पिंपं बांधली,
ओकच्या फळ्या वाकवल्या, आतून जाळल्या.
हातोड्यानं दोन्ही कान नेले.
तिकडचा कायदा असा की बर्बनला पिंप कोरंच लागतं,
एकदा भरून रिकामं झालं की
ते जहाजात बसतं, इकडं येतं.
"जन्मभर पाठवत राहिलो," तो जरा मोठ्यानंच म्हणाला,
"म्हटलं, कुठं नांदतात ते एकदा बघून यावं."

सात नंबरात अंधार, पायाखाली माती.
तिनं नेहमीचं सुरू केलं:
दरसाल दोन टक्के उडून जातं लाकडातून,
त्याला आम्ही देवदूतांचा वाटा म्हणतो.
तिची आई म्हणायची, कसले देवदूत!
भिंतीवरची काळी बुरशी पिते सगळं,
आणि आपल्या धुतलेल्या चादरींवर येऊन झोपते.
हे मात्र ती पाहुण्यांना सांगत नाही.

म्हातारा एका पिंपावर तळहात ठेवून उभा.
लोखंडी कडं चाचपलं, दोन फळ्यांमधली फट
नखानं शोधली. सापडली नाही.
"माझं नाही," म्हणाला,
"पण बांधणाऱ्याला घाई नव्हती."

चव घेताना तो तिच्या ओठांकडे बघत होता.
बहिरी माणसं बघतात तसा.
बाकीचे दुकानाकडे पांगल्यावर म्हणाला,
"पेला नाकाशी यायच्या आधीच
तुम्ही नासपती म्हणालात."

तिनं शिक्क्याचं पॅड उघडलं. बंद केलं.

त्यानं तिचा पेला उचलला,
त्यात नाक घालून बसला, बराच वेळ.
बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं.
"नासपती नाहीच," म्हणाला.
"मग?"
"भुसा. ओल्या सकाळी करवत चालते तेव्हाचा."
आणि वहीवर शिक्का न घेताच गेला.

शुक्रवारी पहिल्या तुकडीला ती म्हणाली,
आयोडीन, खडक, कोट,
आणि अगदी शेवटी, घाई केली नाहीत तर,
ओल्या सकाळचा भुसा.

बर्गेनहून आलेली एक मुलगी
डोळे मिटून हुंगत राहिली.
"मला तर नासपतीसारखं वाटतंय," म्हणाली, चाचरत.

ऑयरिकनं तिची वही ओढली
आणि शिक्का मारला,
जरा जोरातच.