फायनलवर

केटरिंगमधली मागची खोली.
इस्त्रीच्या टेबलावर जॉयस्टिक, शेजारी गार चहा.
बटण दाबण्याआधी वाक्य कागदावर लिहून काढतो:
कोणाला, मी कोण, कुठे आहे, काय हवंय.
बावन्न वर्षांत इतकं सरळ
कुणाशीच बोललो नव्हतो.

इनव्हर्नेसच्या टॉवरवर आज रॉरी,
नुकताच आवाज फुटलेला.
"क्यूएनएच नाइन एट नाइन."
मी घाईत: "नाइन नाइन एट."
"नेगेटिव्ह," तो म्हणतो, न चिडता,
आणि पुन्हा सांगतो, एकेक आकडा सुटा करून.
निशादचे पाढे घेताना मला
हे जमलं नाही कधी.

रनवे टू थ्री, चार मैल.
त्याच्या मागून एका बाईचा आवाज येतो,
ताट वाढलंय, किती वेळा सांगू.
खुर्ची सरकते.
"सॉरी सर, टॉवर बंद होतोय."
टॉवर बंद होतोय, मी नियमाप्रमाणे परत म्हणतो.

मग मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर
मी कोण, कुठे, किती उंचीवर,
सगळं क्रमाने, कुणालाच नाही.
पाऊस, दिवे, चाकं टेकतात, जरा आपटूनच.
"रनवे मोकळी."

जिन्यातून शैलजा विचारते,
पोळ्या टाकू का?
बोट अजून बटणावर.