चार सेकंद

नेहमीचा वेळनोंद्या आओमोरीत तापाने पडला होता,
आणि संयोजकाचा मेहुणा माझ्या ओळखीचा.
म्हणाला, फेरीबोट सुटताना थाळी वाजवतोस ना तू?
मग हेही तेच. घड्याळ बघायचं, हातोडी उचलायची.

हाकोदातेची व्यायामशाळा. फेब्रुवारी.
रॉकेलच्या शेगड्या, ओल्या लोकरीचा वास,
वरच्या बाकांवर सुकं माकूळ चघळत बसलेले कोळी.
रंगीत कागदी फिती उडाल्या, दोरांत अडकल्या,
पोरांनी त्या कवेत भरून नेल्या
आणि मधोमध दोघे उरले.
उशिजिमा: एकशे चाळीस किलो, कान मळलेल्या कणकेसारखे.
हातानाका: थोडा हलका, गुडघ्याला जुनी पांढरी पट्टी.

लोक म्हणतात, सगळी नुरा कुस्ती.
असेल. कोण पडणार हे कुणीतरी, कुठेतरी, आधी ठरवत असेल.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
आणि छाती काही ठरवून लाल होत नाही.
उशिजिमाचा तळहात तिथे पहिल्यांदा बसला
तेव्हा धक्क्यावर ओला दोरखंड आपटावा तसा आवाज आला
आणि माझ्या कपातला चहा थरथरला.

पंधरा मिनिटं, मी पुकारलं.
वीस.
पंचविसाव्याला हातानाकाने त्याला कमरेला मिठी घालून उचललं,
भरलेलं कपाट उचलावं तसं,
आणि स्वतःच्या डोक्यावरून मागे टाकलं.
रिंगणाच्या फळ्या आतून कण्हल्या.

चाळिसाव्याला गर्दी ओरडायची थांबली.
तीन हजार माणसं एकदम गप्प झालेली
मी त्याआधी फक्त धुक्यात ऐकली होती,
बोट खडकाजवळून जाताना.
आता दोघांनाही उभं राहायला दुसऱ्याचाच आधार होता.
मारायचं, आणि ज्याला मारलं तो पडू नये म्हणून
त्याच हाताने धरायचं.

एकोणसाठ मिनिटं, पन्नास सेकंद.
उशिजिमा मानेवर पडला.
हातानाका कसाबसा त्याच्यावर लोळला, त्याचा एक पाय कवळला.
पंचाचा हात आपटला. एक.
आणि हातानाकाने मान वळवली
माझ्याकडे,
खालच्या दोराखालून, घामाने मिटत आलेल्या एका डोळ्याने.
दोन.

मी घंटेवर हातोडी मारली.

घड्याळात छप्पन्न होते.

बरोबरी. पट्टा उशिजिमाकडेच राहिला,
म्हणजे त्याच्या खुर्चीवर, कारण कमर सरळ होत नव्हती त्याची.
पेपरात छापून आलं: पूर्ण साठ मिनिटं.
मी कात्रण ठेवलंय.

अठरा वर्षं बोटी सोडल्या.
छत्री सावरत धावत येणारी बाई दिसली
तरी एक सेकंद थांबलो नाही,
आणि वादळ येताना दिसलं तरी एक सेकंद आधी नाही.
मग त्या रात्री का?
कधी वाटतं, तो म्हणत होता: वाजव,
ह्या माणसाला नाही हरवायचं मला.
कधी वाटतं: थांब रे. एवढं एकदा.
दोन्ही एकाच डोळ्यात मावतं. मी पुष्कळदा तपासलंय, आरशात.

मग समुद्राखालून बोगदा झाला, बोटी बंद पडल्या.
थाळी मी घरी आणली. बायको तिच्यात मुळ्याच्या चकत्या वाळवते.
हातानाकाला पट्टा कधीच मिळाला नाही.
ओबिहिरोजवळ शेती करतो, असं कळलं,
आणि यंदा, सत्तरी उलटल्यावर, मी कार्ड लिहिलं.
तारीख. गाव. एकोणसाठ मिनिटं छप्पन्न सेकंद.
खाली: तुम्ही काय म्हणत होता?

अकरा दिवसांनी खोकं आलं. दहा किलो बटाटे.
चिठ्ठी नव्हती; मी तळापर्यंत हात घालून पाहिलं.
बायको म्हणाली, चांगला माणूस दिसतोय,
मातीसकट पाठवलेत. टिकतील.